पाहिल्याचा दिनांक

एका संशोधन नियतकालिकाच्या २०२२ सालच्या हिवाळी अंकात, एका लेखाच्या संदर्भसूचीत एक्केचाळिसाव्या क्रमांकावर अशी नोंद आहे :

गोताड, हौसा लवू (१९८४). सेतुबंधन. मांजरपाटावर रंग. नमन मंडळाचा दर्शनी पडदा, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी. संकेतस्थळावरील छायाचित्र. पाहिल्याचा दिनांक : १४ ऑगस्ट २०२२.

नोंदीत एकही चूक नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सगळे नियमाप्रमाणे जागच्या जागी आहेत. हे मी खात्रीने सांगतो, कारण ती नोंद मीच बसवली. फक्त हौसा लवू गोताड १९८३ च्या श्रावणात वारल्या होत्या, आणि हयातीत त्यांनी अंगण सारवण्यापलीकडे कशावर हात फिरवल्याचं कोणाला आठवत नाही.

पडदा रंगवला परशुराम पाष्ट्याने.

परशुराम मूळचा संगमेश्वरच्या वरच्या अंगाचा, घाटाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतला. सातवी झाल्यावर रत्नागिरीत मामाकडे आला. मामा पाट्या रंगवायचा. पुढची तीसेक वर्षं रत्नागिरीत जे काही वाचण्यासारखं होतं त्यातलं निम्मं परशुरामच्या हातचं होतं. किराणा दुकानांच्या पाट्या, ‘येथे थुंकू नये’, आंब्याच्या पेट्यांवर बागायतदारांची नावं उठवायचे पत्र्याचे साचे, मिरकरवाड्याच्या बंदरातल्या होड्यांची नावं. त्याचा ‘र’ कुठेही ओळखू यायचा. पोट जरा पुढे, पाय मागे, दुपारचं जेवून उठल्यासारखा. मग गावात फ्लेक्सचं यंत्र आलं. फ्लेक्सवर चुका जास्त असतात, पण त्या लवकर होतात. परशुरामचं काम दोन वर्षांत आटपलं.

पाट्या हे पोटाचं काम. मनाचं काम पडद्यांचं. आमच्याकडे शिमग्यापासून पुढे गावोगाव नमन-खेळे, म्हणजे पुराणकथांची रात्रभराची सोंगं-नाटकं, होतात, आणि प्रत्येक मंडळाला पडदे लागतात. एक राजदरबार, एक जंगल, एक रस्ता, आणि सगळ्यांत पुढे एक दर्शनी. मे महिन्यात शाळा बंद असली की परशुराम गावाला जायचा, शाळेच्या पडवीत मांजरपाटाचं कापड पसरायचा, चिंचोक्याची खळ देऊन ते ताठ करायचा आणि त्यावर गुडघे टेकून पंधरा-पंधरा दिवस राबायचा. असे तेवीस पडदे त्याने रंगवले. एकावरही त्याचं नाव नाही. पद्धतच तशी आहे. पडदा देवाचा, त्यावर काढणाऱ्याने नाव घालायचं नाही. देणाऱ्याने घालायचं. देवाचा याला आक्षेप असल्याचं ऐकिवात नाही.

नावाऐवजी परशुराम पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी आपलं ठेवायचा. एकात मामाची सायकल आहे, दंडकारण्यात. ‘सेतुबंधना’च्या पडद्यात डाव्या कोपऱ्यात एक बाई आहे. वानर समुद्रात दगड टाकताहेत. दगड म्हणजे चौकोनी कापलेले जांभ्याचे चिरे, कारण परशुरामने दुसरा दगड पाहिलेला नव्हता. त्या वानरांच्या रांगेत शेपूट नसलेली एकच आकृती आहे : डोक्यावर पाटी, पाटीत चिरा, पदर खोचलेला, आणि मान वळवून सरळ आपल्याकडे पाहणारी. ती चिमा, परशुरामची बायको. त्या मे महिन्यात चिंचोके भाजून कुटायचं आणि खळ शिजवायचं काम तिने केलं होतं. तीन वर्षांनी ती काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं.

चिमाचा फोटो नाही. लग्नात बँड होता, फोटोग्राफर नव्हता. पुढे ओळखपत्रं निघाली, त्यांच्यासाठी सरकार सगळ्यांचे फोटो काढू लागलं, पण तोवर तिला जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. तिचा चेहरा जगात एकाच ठिकाणी होता, वानरांच्या रांगेत. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर फार काही वेगळं झालं असतं असं नाही, पण ‘कै.’ काढताना मी जरा थांबलो असतो.

ते असं झालं. २०११ च्या शिमग्यात पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचा एक छायाचित्रकार त्या गावात येऊन गेला आणि पडद्याचा फोटो संस्थेच्या संकेतस्थळावर गेला. पडद्याच्या तळाशी दोन ओळी होत्या. वरची : ‘कै. हौसा लवू गोताड, सन १९८४’. खालची : ‘हिचे स्मरणार्थ मुलांकडून’. फोटोच्या वेळी पडद्याचा तळ बांबूला गुंडाळलेला होता. खालची ओळ बांबूत गेली, वरची संकेतस्थळावर.

अकरा वर्षांनी उर्वी लिमयेला ते चित्र सापडलं. उर्वी रत्नागिरीचीच, मुंबईत लोककलांवर पीएचडी करणारी, हुशार आणि कष्टाळू मुलगी. तिने लेख लिहिला : ‘पडद्यावरची स्त्री : कोकणातील एका विस्मृत चित्रकर्तीचा शोध’. कॉलेजच्या रस्त्यावर एक टायपिंग-बाइंडिंगचं दुकान आहे. ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे बसून लोकांच्या संदर्भसूच्या सरळ करून देतो. उर्वीचा लेख तिथे आला. नियतकालिकाच्या नियमपत्रिकेत लिहिलं होतं की व्यक्तिनामाआधीच्या पदव्या, उपाध्या व आदरार्थी शब्द गाळावेत. मी डॉ. गाळले, ह.भ.प. गाळले, आणि त्याच झपाट्यात कै. गाळलं. मराठीत माणूस जिवंत करायला एवढं पुरतं.

उर्वीला त्यात वावगं दिसलं नाही, मलाही नाही; नाव मागाहून कोणी घातलं असेल, असं धरलं. कैलासवासी माणसं कैलासाला जाण्यापूर्वी चित्रं काढतच असतात. लेखात कोपऱ्यातल्या बाईवर सहा पानं होती. ती बाई म्हणजे हौसाचं आत्मचित्र, पुरुषांच्या महाकाव्यात स्वतःच्या श्रमांची तिने केलेली नोंद, आणि ती मान वळवून पाहते ते इतिहासाकडे. वाक्यं चांगली होती. खोटं चांगल्या वाक्यात आलं की ते तपासायला हात धजत नाही.

परशुराम दुकानात पेपर वाचायला यायचा. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डावा गेल्यातच जमा, त्यामुळे तो मथळे वाचायचा आणि मजकूर मला विचारायचा. चष्मा आणि पेन असलेल्या कोणालाही तो मास्तर म्हणतो. अंक निघून काही महिने झाल्यावर एके दिवशी टेबलावर उर्वीच्या लेखाची छापील प्रत होती, चित्राच्या पानावर उघडी.

तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मला वाटलं, डोळे ताणतोय.

“मास्तर, ही हितं कशी आली?”

“कोण?”

“ही माजी बायको हाय.”

मी हसलो, याची नोंद केली पाहिजे. मग त्याने नाक पानाला टेकवेपर्यंत खाली नेलं आणि बोटाने दाखवलं. “ही पाटी बगा. कडेला ठिगळ. ते मीच मारलेला. पडदा माजा.”

“इथे तर हौसा गोताड लिहिलंय.”

“हौसा? ती म्हातारी पडद्याच्या आदल्या सालीच मेली. तिच्या नावानं दिला पोरांनी.” मग पान माझ्याकडे सरकवून, “चिमीबद्दल काय लिवलाय?”

मी वाचून दाखवलं. सहाही पानं. ‘इतिहासाकडे पाहते’ तिथे तो म्हणाला, “इतिहासाकडं कशाला बगंल? मी हाक मारली म्हणून बगितलान.”

मी म्हटलं, “पाष्टे, तुझं नाव घालायला सांगू आपण.”

“माजा नाव ठेवा बाजूला. देवाचा पडदा तो. ही हौसा नाय, येवडाच लिवा. चिमा लिवा.”

प्रकरण तेवढंच होतं. त्याला श्रेय नको होतं, दुरुस्ती हवी होती, आणि तीही एका शब्दाची. छापील जगात श्रेय त्या मानाने सहज मिळतं.

उर्वी दिवाळीला घरी आली तेव्हा मी दोघांची गाठ घातली. तिने पहिली दहा मिनिटं परशुरामचं म्हणणं वहीत उतरवलं. मग पेन थांबलं.

“आजोबा, काकूंचा एखादा फोटो असेल ना? म्हणजे ताडून पाहता येईल.”

“हा काय,” परशुराम लेखातल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला.

“हा नाही. दुसरा.”

“दुसरा नाय.”

“रेशनकार्ड? लग्नाचा?”

“बँड हुता.”

उर्वीने माझ्याकडे पाहिलं. बाई चिमा आहे हे ठरवायला चिमाचा फोटो हवा, आणि चिमाचा एकुलता एक फोटो म्हणजे ती बाई. तर्कशास्त्राच्या पुस्तकात याला नाव आहे. परशुरामला ते सांगून उपयोग नव्हता.

“काका,” उर्वी हळू आवाजात मला म्हणाली, “मला ते खरे वाटतात. पण ‘मला वाटतं’ हा संदर्भ होत नाही.”

“मूळ पडदा पाहिला तर?” मी म्हटलं. “खालची ओळ त्यावर असेल. निदान हौसाबाई तरी सुटतील.”

“मी कधी गेलेच नाही हो तिकडे,” ती म्हणाली. “चित्र चांगलं मोठं मिळालं होतं. गरज वाटली नाही.”

आम्ही तिघे गावाला गेलो. उर्वीच्या वडिलांची गाडी होती. देवळाच्या आवारात शिरलो आणि समोरच फ्लेक्स दिसला : ‘गावची थोर सुकन्या, चित्रकार हौसाबाई गोताड यांना मानाचा मुजरा’. खाली गावच्या मुंबईकर मंडळाच्या नऊ पदाधिकाऱ्यांचे फोटो, आणि मधोमध, उर्वीच्या लेखातून कापून मोठी केलेली, चिमा.

परशुराम फ्लेक्सखाली जाऊन उभा राहिला. त्याने तिला एवढी मोठी कधीच पाहिली नव्हती. पडद्यावर ती वीतभर होती.

हौसाचा मुलगा अनिल गोताड मुंबईहून निवृत्त होऊन गावाला राहतो. तो देवळाच्या पायऱ्यांवर बसला होता. परशुरामला त्याने लांबूनच ओळखलं, हे मी पाहिलं.

“ये रे पेंटर! डोळं कसं?”

“बरं. अन्या, पडदा कुटं हाय?”

“पडदा गेला. वाळवी लागली व्हती. डिजिटल केलाव आता, लायटीत चमकतो. जुन्याचं बायकांनी तुकडं केलानी, कोकमं वाळत घालाया. कापड मजबूत व्हता हां तुजा.”

उर्वीने आपलं नाव सांगितलं आणि विचारलं, “म्हणजे पडदा यांनी रंगवला होता, हे तुम्हाला आठवतंय?”

अनिलने उर्वीकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं. “बाय, तूच लिवलंस ना, आमच्या आवशीनं काढला म्हणून? कागदावर छापून आलाय. शाळेत लावलाय. आता मी काय आठवू?”

“अन्या,” परशुराम म्हणाला, “तू वाटीत रंग कालवून देत हुतास.”

“कापड आमचा, रंग आमचं, नाव आमच्या आवशीचा. तुजा काय व्हता त्यात?”

“बायको.”

अनिलने मान खाली घातली. तो वाईट माणूस नाही. जन्मभर भात लावलेल्या आईला मेल्यावर चाळीस वर्षांनी कोणीतरी थोर म्हणतंय, ते त्याच्या हातून पुसलं जाणार नव्हतं. “चाय घेऊन जावा,” तो म्हणाला. आम्ही चहा घेतला. येताना परशुरामने विचारलं, “तो फलक पावसापातूर टिकंल ना?”

उर्वीने गप्प बसायचं ठरवलं असतं तर तिला कोणी विचारणार नव्हतं. मार्गदर्शकांनीही तोच सल्ला दिल्याचं ती म्हणाली : अशा तोंडी हरकतींचा विचार करत बसलं तर कोणाचीच पीएचडी पुरी होणार नाही. तिने तरी संपादकांना आणि संकेतस्थळाला पत्रं लिहिली. पत्रांची भाषा मी तपासली. तिसऱ्या महिन्यात संपादकांनी विचारलं, श्री. पाष्टे यांच्या विधानास प्रकाशित आधार आहे काय? नव्हता. मी म्हटलं, निदान ‘व्यक्तिगत संवाद’ म्हणून घाला. नियमपत्रिकेत तशी सोय आहे. त्यावर उत्तर आलं की व्यक्तिगत संवाद मजकुरात कंसात देता येतो, संदर्भसूचीत देता येत नाही, कारण वाचकाला तो पडताळून पाहता येत नाही. मेलेल्या बाईला रंग लावताना पाहणं वाचकाला कसं जमलं असतं, हे मी विचारणार होतो. उर्वीने ते वाक्य खोडलं.

पुढच्या पावसाळ्यात दुरुस्ती छापून आली. अंकाच्या शेवटच्या पानावर, पाच ओळी. हौसा गोताड यांच्या कर्तृत्वास पुरेसा आधार न आढळल्याने ती नोंद मागे घेण्यात येत आहे. पाठोपाठ संकेतस्थळानेही चित्राखालची ओळ बदलली. उर्वीच्या प्रबंधातलं ते प्रकरण गेलं आणि तिचं एक वर्षही. ती आता बँकेच्या परीक्षा देते.

दुरुस्ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

“आता काय लिवलाय?” परशुरामने विचारलं.

“चित्रकार : अज्ञात.”

“असूं दे. आनि ती?”

मी कागद जरा लांब धरला. “कोपऱ्यात अनोळखी स्त्री.”

“अनोळखी?”

“हो.”

“हौसा बरी हुती मग,” तो म्हणाला. “गावातली तरी हुती. चिमीला हळद लावलान तिनंच.”

गावाने फ्लेक्स काढला. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांपैकी कोणीतरी परशुरामला फोनवर चार शब्द ऐकवले : स्वतःला मिळेना म्हणून म्हातारीचं घालवलंस. तेव्हापासून तो गावच्या शिमग्याला जात नाही. त्याने सबंध आयुष्यात एकदाच छापील शब्द बदलून घेतला. त्यात हौसाचं नाव गेलं आणि चिमाचं आलं नाही.

नंतरच्या आठवड्यात त्याने मला तो कोपरा मोठा करून छापून द्यायला सांगितलं. मी चौपट केला. फोटोत तेवढा तपशील नव्हता. चौपट झाल्यावर चिमाच्या चेहऱ्याचे तपकिरी चौकोन झाले, फार तर बारा-तेरा. मी ते सांगितलं. परशुरामने कागद डोळ्याला लावला, कडेने फिरवला.

“हां. हीच.”

त्याच्या खोलीला ओल येते म्हणून कागद दुकानात ठेवायचा ठरला. खाली नोंद हवी, असं तोच म्हणाला. पुस्तकात असते तशी. मी लिहायला घेतलं : चिमा परशुराम पाष्टे. मांजरपाटावर रंग. १९८४. पडदा अस्तित्वात नाही.

“आणि पाहिल्याचा दिनांक,” मी म्हटलं.

“तो कसला?”

“इंटरनेटवरचं चित्र कधी बदलेल, कधी नाहीसं होईल, सांगता येत नाही. म्हणून आपण ते शेवटचं कधी पाहिलं ते लिहायचं.”

“मी बगितला चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात. पडवीत.”

“शेवटचं, पाष्टे.”

तो विचार करू लागला. “मग आजचा घाला. आनि मंगळवारी मी येनारच.”

मी तारीख पेन्सिलीने घातली. दर मंगळवारी तो यायचा, कागद डोळ्याला लावायचा, ‘हां’ म्हणायचा, आणि मी जुनी तारीख खोडून नवी लिहायचो. हे वर्षभर चाललं. कागद त्या जागी खोडून खोडून पातळ झाला आहे.

मध्यंतरी संकेतस्थळही बंद पडलं. आता तिथे गेलं की पान सापडत नाही, एवढंच येतं. लेखातलं छापील चित्र सोडलं, तर उरला तो आमच्या दुकानातला कागद.

गेल्या ऑक्टोबरात परशुरामचा उजवा डोळाही गेला. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं. तो मंगळवारी अजून येतो. शेजारचा रिक्षावाला आणून सोडतो. कागद मांडीवर घेऊन तो अर्धा तास बसतो, मग परत देतो आणि विचारतो, “मास्तर, तारीख घातलीत?”

मी ‘हो’ म्हणतो. घालत नाही. कागदावर चौदा ऑक्टोबर आहे. नियम पाहिल्याचा आहे, बसल्याचा नाही.